खळ दिलेले स्पीकर

मी मोटारीच्या स्पीकरवर पापड्या वाळत घातल्या होत्या. एकदा नाही, लागोपाठ तीन दिवस. आणि वरून पाणीही शिंपडलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझी बाजू घेत बसायला नको.

तेव्हा मी काही कोवळी पोर नव्हते. छप्पन्न संपून सत्तावन्न लागलं होतं, मोठ्या लेकीला दोन लेकरं झाली होती. लोणच्याला मीठ किती आणि बाळंतिणीला डिंक किती, हे विचारायला शेजारच्या बाया माझ्याकडं यायच्या. म्हणजे मला अक्कल आहे असा गावाचा समज होता आणि तो मोडावा असं मलाही कधी वाटलं नव्हतं. आज त्या बाईकडं वळून बघते तेव्हा वाटतं, हिच्या हातात गाडीची किल्ली दिली कुणी?

गाडी आमच्या घरी आली तेव्हाच जुनी होती. आमचे मालक शाळेत मास्तर होते. सगळा मुलूख त्यांना गुरुजी म्हणतो, म्हणून मीही चारचौघांत गुरुजीच म्हणते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हिंगोलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडून ती पांढरी गाडी घेतली. किती धुतली तरी डिकी उघडली की हळदीचा वास यायचा. पाहुणे म्हणायचे, लग्नघरातून आलात का? गुरुजी चालवायचे, मी मागं बसायचे. पुढची, त्यांच्या बाजूची शिट रिकामीच असायची, म्हणजे तिच्यावर गुरुजींची पिशवी, छत्री आणि पेपर बसायचा. आयुष्यभर जीपमध्ये, टेम्पोत बायांनी मागंच बसायचं असतं, त्यामुळं पुढं बसावं हे मला सुचलंही नाही. त्यांनाही सुचलं नाही. छत्री मात्र ऐटीत बसायची.

तर पुढं टेप होता आणि गाणी पुढंच वाजायची. मागच्या काचेखाली जी फळी असते तिच्यात दोन गोल स्पीकर होते, पण त्यांचा कागद फाटून लोंबत होता. मागं गाण्याची नुसती कुजबुज यायची. एकदा हिंगोलीहून येताना मी म्हटलं, "अहो, पुढं मैफल आन मागं सुतक. हे काय बराबर हाय का?"

गुरुजींनी नुसता आरसा नीट केला. ते बोलत नाहीतच. पण पुढच्याच आठवड्यात म्हणाले, "चल, फाट्यावर जाऊन येऊ."

वारंगा फाट्यावर एका मिस्त्रीचं दुकान आहे. त्याचा बाप सायकलवर फिरून आमच्या भागातले रेडिओ दुरुस्त करायचा. हा गाड्यांचे टेप, दिवे, हॉर्न, स्पीकर बघतो. तेव्हा चाळिशीला टेकला असेल. चौथीपर्यंत तो गुरुजींच्या हाताखाली होता आणि गुरुजींना त्याचं भारी कौतुक. कुणाचं काही बिघडलं की म्हणायचे, माझ्या विद्यार्थ्याकडं जा, वायर जोडावी तर त्यानं.

त्या दिवशी त्यानं जुने स्पीकर काढले, फळीचं भोक कापून मोठं केलं आणि नवे लांबोळके स्पीकर बसवले. तारा जोडायच्या आधी एक छोटा सेल घेऊन त्यानं स्पीकरला टेकवला. आतला काळा कागद टुणकन पुढं आला. दुसऱ्याला टेकवला, तोही पुढं आला. मी विचारलं, हे काय करून राहिला रे?

"बघा काकू, दोन्हीचा कागद एकाच वक्ताला पुढं यायला पायजे. एक पुढं आन एक मागं झाला की दोघं एकमेकाचं बोलणं खोडतेत. आवाजच न्हाई येत."

"म्हणजे आमच्यावानीच की," मी म्हटलं. गुरुजी छत्री उचलून दुसरीकडं बघायला लागले. मिस्त्री हसू दाबत म्हणाला, "बसा मागं आन सांगा कसं वाटतंय."

मी बसले. माझ्या मानेमागून गाणं सुरू झालं. कुणीतरी अगदी पाठीशी बसून माझ्यासाठीच गात असावं तसं. एवढ्या वर्षांच्या संसारात गुरुजींनी आपणहून माझ्यासाठी आणलेली ही दुसरी वस्तू. पहिली होती कंदिलाची चिमणी पुसायचा ब्रश.

मग उन्हाळा आला. आमच्याकडं ज्वारीच्या पापड्या करतात. पीठ शिजवून पातळसर ठेवायचं, त्यात तीळ घालायचे, पळीनं ओल्या सुती लुगड्यावर गोल गोल ओतायचं आणि उन्हात टाकायचं. वाळल्या की लुगडं उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे पापड्या सुटतात. हे सगळं सोपं आहे, वानरं नसतील तर. त्या वर्षी वानरांच्या टोळीनं माझं गच्चीवरचं वाळवण दोनदा उधळलं. एक थोराड वानर तर पापडी हातात धरून, उलटीसुलटी करून, पाहुण्यासारखं चव बघून फेकून द्यायचं. तोच अपमान मला जास्त लागला.

गुरुजी चार दिवस भावाकडं नांदेडला एसटीनं गेलेले. गाडी अंगणात उन्हात उभी. मी काहीतरी काढायला दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. आणि मला ते सुचलं. बंद काचा, कडक ऊन, वानराला किल्ली लावता येत नाही. मागच्या काचेखालची फळी तर जणू माझ्या पापड्यांसाठीच केलेली. त्या क्षणी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की शेजारणीला बोलावून दाखवायचं मनात होतं. नाही बोलावलं, कारण तिनंही तेच केलं असतं आणि माझी कल्पना चोरली असती. गाडी तिच्याकडं नव्हती हे तेव्हा लक्षात आलं नाही.

लुगड्याची चौपदरी घडी नाही, एकच पदर अंथरला. पळीपळीनं ओतलं. पातळ पीठ लुगड्यातून खाली पाझरत होतं, ते मला दिसत होतं. खाली स्पीकर आहेत हेही मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात स्पीकर म्हणजे वरची जाळी. जाळीखाली काही असतं, ते कागदाचं असतं, हे मिस्त्रीनं माझ्या डोळ्यांसमोर सेल लावून दाखवलं होतं, तरी. पहिल्या दिवशी काचांना आतून घाम आला. दुसऱ्या दिवशी तो सुकला. तिसऱ्या दिवशी मी मागच्या शिटीवर गुडघ्यावर बसून लुगडं उलटं केलं आणि तांब्यातलं पाणी हातानं मारलं. पापड्या अशा सुटल्या म्हणता, एक तुटली नाही. फळी पुसली, डबा भरला, वानरांना वेडावून दाखवलं.

गुरुजी परत आले. आम्ही बाजाराला निघालो, त्यांनी टेप लावला आणि माझ्या मानेमागं गाणारी बाई खोकायला लागली. घर्र, घर्र. वरचा सूर आला की पत्रा हलल्यासारखं.

गुरुजींनी आरशातून विचारलं, "हे काय झालं गं?"

"मला काय म्हाईत?"

बस, एवढंच म्हणाले मी. विचार न करता तोंडातून निघालं, जसं लहानपणी आईनं दुधावरची साय कुठं गेली विचारल्यावर निघायचं. साय काय, आई विसरून जायची. पण गुरुजींनी गाडी सरळ फाट्याकडं वळवली.

दुकानासमोर चहाची टपरी आहे. तिथं नेहमी ट्रकचे ड्रायव्हर, ऊस-हळदीच्या गाड्यांवरचे लोक बसलेले असतात. गुरुजी उतरले ते आवाज चढवूनच. "दोन महिने झाले न्हाईत आन ही खोकायला लागली. हे काय काम हाय?"

मिस्त्री "बघतो गुरुजी" म्हणून मागच्या शिटीवर आला. मी तिथंच कोपऱ्यात सरकून बसले. त्यानं स्क्रू काढून एक स्पीकर उचलला, बोटानं कागद दाबला. दबला नाही. टिचकी मारली तर पापडीवर मारल्यासारखा आवाज आला.

"कागद कडक झालाय," तो म्हणाला. "खळ दिल्यावानी."

"खळ?" गुरुजी खिडकीतून ओरडले. "मोटारीत कुठली आली खळ? लुगडं हाय का ते?"

मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. चष्मा नाकावर होता. तिरक्या नजरेनं बघितलं तर मिस्त्री जाळीच्या कडेला चिकटलेलं काहीतरी नखानं खरवडत होता. पांढरट खपली, आणि तिच्यात तीळ. त्यानं ती फडक्यात पुसून घेतली. माझ्याकडं बघितलं की नाही, मला सांगता येत नाही, कारण मी पर्समध्ये होते.

"पाणी गेलंय गुरुजी कुठून तरी," तो म्हणाला.

"उन्हाळ्यात पाणी? मंग तूच काचेचं रबर सैल केलं असशील बसवताना. गाडी धुतली की आत जात असंल."

"रबराला मी हात..." एवढं बोलून तो थांबला.  त्यानं दुसऱ्या स्पीकरचा एक स्क्रू सैल केला. मग तो म्हणाला, "आसंल गुरुजी. बदलून देतो."

तिथं थांबलं असतं तरी चाललं असतं. पण गुरुजींचा मास्तर जागा झाला होता. टपरीकडं वळून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चौथीत बी असाच व्हता. बेरीज सगळी बराबर, हातचा तेवढा इसरायचा! अरे, हातचा कुठाय तुझा? हातचा?"

टपरी हसली. एक ड्रायव्हर ग्लास वर करून म्हणाला, "ओ हातचा मिस्त्री, आमचा हॉर्न बी बघा. हातचा धरून हां!" पुन्हा हसले. मिस्त्रीही हसला, हसावं लागतं म्हणून.

आणि मी, जिला बाळंतिणीच्या डिंकाबद्दल सगळं कळतं, ती मागं बसून होते. तोंड उघडायला दोन वाक्यं पुरली असती. पण मला वाटलं, चारचौघांत गुरुजी मला काय म्हणतील? मिस्त्रीला काय म्हणाले ते ऐकूनही मला हेच वाटलं. एवढी हुशार बाई.

नवे स्पीकर बसले. परत येताना गाणं पहिल्यासारखं माझ्या मानेमागून यायला लागलं. मी म्हटलं, आवाज कमी करा. गुरुजी म्हणाले, "ऐकू येत न्हवतं तर भांडली, आता ऐकू येतंय तर कमी कर म्हणती. तुझं काय ते ठरव एकदा." मानेमागं कुणीतरी उभं राहून बघत असल्यासारखं वाटत होतं, हे त्यांना कसं सांगू?

त्याच सुमारास शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून सभागृहाला लाउडस्पीकरचा सगळा संच द्यायचा ठरवला होता. बसवायचं काम कुणाला द्यावं हे हेडमास्तर गुरुजींना विचारायचे. गुरुजींनी आधी आपल्या मिस्त्रीचंच नाव सांगून ठेवलं होतं, आणि मिस्त्रीनंही सभागृहात येऊन भिंती ठोकून, टाळ्या वाजवून आवाज कसा घुमतो ते बघून घेतलं होतं. ज्या शाळेत शिकला तिथं आपल्या हातचं काम वाजावं, याचा त्याला आनंद होता. आमच्या ओसरीवर बसून त्यानं मला कागदावर रेघा मारून दाखवलं होतं, काकू, इथं एक, इथं एक, म्हणजे मागच्या पोरांना बी ऐकू जाईल.

आता हेडमास्तर पुन्हा आले. मी चहा घेऊन दारापाशी होते तेव्हा गुरुजींचं वाक्य कानावर आलं: "त्याला नको. पोरगं चांगलं हाय, पण हातचा इसरतो."

मी तिथूनच माघारी गेले आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातली. हेडमास्तर सभ्य माणूस, पाक पिऊन गेले. काम हिंगोलीच्या एका दुकानाला मिळालं.

मग मी प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. आणि काय केलं असेल? ईद जवळ आली होती. दरवर्षी मिस्त्रीच्या घरून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा. त्या वर्षी मी आधीच गुरुजींच्या हाती डबा पाठवला. डब्यात पापड्या. त्याच. तीळ घातलेल्या. डबा भरताना मला अगदी हलकं हलकं वाटलं, जसं काही मी सगळं कबूल करून मोकळी झाले. आज विचार करते तर अंगावर काटा येतो. ज्याच्यावर आळ आला त्याच्याच घरी मी पुरावा पाठवला, आणि तोही तळून खा म्हणून निरोप देऊन.

ईदीला डबा परत आला. रिकामा नाही, शीरखुर्म्यानं काठोकाठ भरून, वर चारोळ्या. गुरुजी दोन वाट्या प्याले. मी माझी वाटी झाकून ठेवली.

तरीही मी बोलले नाही. पावसाळा निम्मा गेला. मग एकदा आखाडा बाळापूरच्या बाजारात मी शिलाई मशीनवाल्याची नवी जागा विचारत होते. कांदे विकणारा म्हणाला, "फाट्यावर गेलाय तो, हातच्याच्या बाजूला."

"कोण हातचा?"

"तो न्हाई का, टेपचा मिस्त्री. सगळे हातचाच म्हणतेत त्याला. त्याची लेकरं शाळेत जातेत, त्यांना बी पोरं हातच्याची म्हणतेत." मग मला ओळखून तो हसला. "तुमच्याच गुरुजींनी ठेवलेलं नाव हाय की, काकू!"

मी कांदे न घेताच गाडीत येऊन बसले. मागं नाही, छत्री उचलून पुढं बसले. गुरुजींनी बघितलं आणि गाडी सुरू केली. गावाबाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, ते स्पीकर मी घालवले."

"कोणते?"

"पहिले. मी त्याच्यावर पापड्या वाळत घातल्या व्हत्या. तुमी नांदेडला गेलते तवा."

त्यांनी गाडी लिंबाच्या झाडाखाली घेतली आणि बंद केली.

"फळीवर?"

"व्हय. तीन दिवस."

"पाणी?"

"मारलं ना. त्याबिगर सुटत न्हाईत त्या."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "रबराला हात लावला न्हाई म्हणत व्हता तो. मी त्याला बोलू दिलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते एकटे फाट्यावर गेले. त्याच टपरीसमोर उभे राहिले आणि त्याच आवाजात म्हणाले की चूक मिस्त्रीची नव्हती, माझ्या घरची होती, त्याचं काम बराबर होतं, मीच त्याला नको ते बोललो. घरी येऊन हे सांगताना त्यांचा चेहरा पडलेला होता. मी विचारलं, मग लोक काय म्हणाले?

"म्हणाले, असू द्या गुरुजी, लई मोठं मन हाय तुमचं. आन एकानं दुकानाकडं तोंड करून हाळी दिली, ओ हातचा, बाहेर या, गुरुजी आलेत बघा!"

मी पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं की दुसरं काही, ते तेव्हाही कळलं नव्हतं.

"शाळेत बी जाऊन आलो," ते म्हणाले. "भिंतीला कर्णे लागलेत. आता काय व्हणार न्हाई." मग उठता उठता म्हणाले, "माझं मी म्हणून आलो. तुझं तू म्हण जा. ते मी न्हाई म्हणणार."

मी एसटीनं गेले. एकटीनं फाट्यावर उतरायची ती पहिलीच वेळ असेल. टपरीवरच्या लोकांपुढून चालताना मला वाटत होतं, सगळ्यांना माझ्या पापड्या ठाऊक आहेत. मिस्त्री एका जीपच्या दारात वाकून काम करत होता. मला बघून त्यानं स्टूल पुसून पुढं केलं. "बसा काकू. गुरुजी न्हाई आले?"

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. वानरं, लुगडं, पीठ, पाणी, हेडमास्तरांचा चहा, ईदीचा डबा. एकही गोष्ट गाळली नाही. तो तारेवर टेप गुंडाळत ऐकत होता.

"म्हाईत हाय काकू," तो म्हणाला. "तीळ व्हते न त्याच्यात."

"तुला त्याच दिवशी कळलं व्हतं?"

"वासावरूनच कळलं. आमच्या घरी बी करतेत."

"मंग काहून बोलला न्हाईस रे?" माझा आवाज चढला, जशी चूक त्याचीच होती. "गुरुजी तुला एवढं बोलले, लोक हसले, शाळेचं काम गेलं. एक शबुद बोलायचास. मी तर तिथंच बसले व्हते, तुझ्या शेजारी!"

त्यानं टेप बाजूला ठेवला, फडक्याला हात पुसले आणि कुठलाही राग नसलेल्या आवाजात मला म्हणाला:

"काकू, दोन स्पीकरचे आठ स्क्रू काढायला मला पाच मिंटं बी लागत न्हाईत. त्या दिवशी मी अर्धा घंटा लावला. एकेका स्क्रूला म्हणलं, आता काकू बोलतील."